नाव आत, नंबर बाहेर

तो नंबर आज पुन्हा बाहेर गेला होता.

कुलूपबाईने चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. परवा गेला, काल गेला, आज परत. एकाच पेशंटच्या अंगातून काढलेल्या तुकड्याचे नवनवे काप कोणीतरी तपासायला धाडत होतं.

"लंब्या, इकडे बघ. कुठेतरी पाणी मुरतंय."

"तुझ्याच डोक्यात मुरतंय," शेजारच्या टेबलावरून लंब्या म्हणाला. "आणि मान अशी वाकडी का धरलीस?"

"टाका ओढतोय रे."

"नजर लागू नये म्हणून देवाने दिलेला तीळ वरच्या मजल्यावर जाऊन काढून आलीस, आता भोग." एवढं बोलून तो आपल्या कामाला लागला.

कुलूपबाई हे नाव तिला या लंब्यानेच दिलेलं, आणि ते चिकटलं कारण ते खरं होतं. हॉस्पिटलच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीपलीकडे, हॉस्पिटलचा स्वतःचा क्लाउड होता. गारठलेल्या खोलीत घुमणारी यंत्रांची कपाटं, आणि त्यांत पेशंटचं नाव, पत्ता, सगळा आजार कुलपात. पण काचेवरच्या कापांची भलीमोठी छायाचित्रं वाचायची म्हटलं की त्या कपाटांच्या नाकी नऊ येत. म्हणून बाहेरच्या कंपनीचा क्लाउड भाड्याने घेतलेला. ताकदीला तो कमी नव्हता, भरवशाला मात्र परकाच. या दोघांची गाठ घालून द्यायची आणि दोघांत पडदाही ठेवायचा, हे कुलूपबाईचं काम. छायाचित्र बाहेर जाताना नुसता नंबर घेऊन जाई, उत्तर त्याच नंबरावर परत येई, आणि नंबराला नाव जोडलं जाई ते आत आल्यावरच. बाहेरच्यांना नाव कळत नसे. तिलाही नाही.

ही जोडणी तिने लेकरासारखी वाढवली होती. आता शुक्रवारी बैठक होती. जोडणी ठेवायची की सगळं पुन्हा तळघरात कोंबायचं, हे तिथे ठरणार होतं. त्यात शब्द चालणार होता तो मोठ्या डॉक्टरांचा. प्रयोगशाळा त्यांची, आणि यंत्राने निदान सांगावं हेच मुळी त्यांना पहिल्यापासून रुचलं नव्हतं.

पेशंटचं नाव लपत असलं, तरी काप पाठवणाऱ्याचं लपत नव्हतं. तिने नोंद उघडली. पाठवणारे मोठे डॉक्टरच होते.

म्हणजे हा डाव होता तर! यंत्राला खिंडीत गाठायचं, एकदा तरी वेगळं बोलायला लावायचं आणि बैठकीत ते सगळ्यांपुढे ठेवायचं. तिने घाईघाईने सगळी उत्तरं शेजारी शेजारी लावली. उत्तर वाईट होतं, ज्या कोणाचं होतं त्याची तिला दयाच आली. पण दर वेळी ते जसंच्या तसं होतं, दुसऱ्या यंत्रावर घालून पाहिलं तरी. तिचा जीव भांड्यात पडला.

"शाब्बास पठ्ठ्या," ती स्क्रीनला म्हणाली.

तरी मनातला भुंगा काही गप्प बसेना. डॉक्टर स्वतः काचेवर नजर टाकून निकाल देणारे. त्यांना एकच गोष्ट इतक्यांदा विचारायची वेळ का यावी? जेवणाचा डबा कसाबसा संपवून ती जिना चढून त्यांच्या खोलीकडे गेली.

"ये. बस आधी," मोठे डॉक्टर म्हणाले. एरवी ते कोणालाच बसायला सांगत नसत.

"सर, एका नंबराबद्दल विचारायचं होतं."

"जेवलीस?"

"हो, आत्ताच."

"नवरा गावातच आहे ना तुझा?"

"आहे की. का, सर?"

"सहज."

तिने सरळ विषयाला हात घातला. "यंत्र चुकतंय असं वाटतंय का तुम्हाला? एकाच तुकड्याचे काप परत परत पाठवताय."

"चुकावं असं वाटतंय."

कुलूपबाईला रागच आला. "नाही चुकणार, सर. तुम्ही नवा काप दिलात, नव्याने रंगवून दिलात, तरी उत्तर तेच. मी दुसऱ्या यंत्रावरही घालून पाहिलं. हवं तर लिहून देते."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"नको. मला पहिल्याच दिवशी तेच दिसलं होतं," ते म्हणाले. "शुक्रवारी मी तुझ्या बाजूने बोलणार आहे. जोडणी राहील."

खरं तर तिने आनंदाने उडी मारायला हवी होती. पण समोरचा माणूस जिंकणारा दिसत नव्हता आणि हरणाराही. सूक्ष्मदर्शकाखालची काच काढून त्यांनी ती तळहाताखाली झाकली. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मघाच्या रागाची तिला लाज वाटली.

"सर," तिने आवाज खाली आणला, "हे काप तुमचे आहेत का?"

डॉक्टर हसले, पण ते हसू फार टिकलं नाही. "माझे असते तर एकदाच बघून गप्प बसलो असतो."

"मग जवळचं कोणी?"

खुर्ची वळवून ते कीबोर्डवर सावकाश काहीतरी टाइप करू लागले. तळघरातली नोंद उघडतेय, हे तिला बघताक्षणी कळलं. ती खुर्ची मागे सारून ताडकन उभी राहिली.

"नको, सर! नाव मला दाखवू नका. ते पेशंटने बघायचं आणि त्याच्या डॉक्टरने, तिसऱ्या कोणीही नाही. नियम मीच केलाय."

"माहीत आहे मला," म्हणत डॉक्टरांनी तिच्या मानेवरच्या टाक्याकडे एकदा बघितलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवला. "नियम मी मोडत नाहीये, पोरी."