दुसरं हरण

ऑर्व्हिल हाउगन टोपी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. जोलीन चुलीपाशी खिमा परतत होती आणि टेबलाशी तिची तिन्ही मुलं मान खाली घालून खात होती.

"आत या की. दार उघडं टाकून सगळ्या विस्कॉन्सिनला शेक द्यायचाय का?"

त्याने आत येऊन दार लावून घेतलं. बूट मात्र काढले नाहीत. ते काढले की बसावं लागलं असतं.

"तुमचंच हरण आहे," जोलीन म्हणाली. "या आठवड्यात रोज तेच. आता पोरं कुंपणावरून उड्या मारायला लागतील बघा."

थोरला तोंडातल्या घासासकट हसला. ऑर्व्हिलला हसू आलं नाही. वाटेत गाडी चालवताना त्याने एक वाक्य चांगलं घोकून ठेवलं होतं, ते आता आठवेना.

त्या भागाची एक रीत होती. शिकारीच्या मोसमात ज्याला दुसरं हरण मिळेल त्याने ते ओढगस्तीच्या घराला द्यायचं. दार वाजवायचं नाही. उजाडायच्या आत अंगणातल्या झाडाला टांगायचं आणि निघून यायचं, म्हणजे देणाऱ्याला फुशारकी मारता येत नाही आणि घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. कुणी टांगलं ते मागाहून सगळ्यांना कळायचंच. नोव्हेंबरात ऑर्व्हिलने ते जोलीनच्या अंगणातल्या मेपलच्या झाडाला टांगलं होतं. तिचा नवरा कर्टिस लाकडाच्या गिरणीत पाठ मोडून आतल्या खोलीत पडून होता. दुकानातलं मांस ती माणसं आता नुसती बघून पुढे जायची. तेव्हा या घराचा हिवाळा त्या एका हरणावर निघायचा होता.

"जोलीन, तपासणीचं आज कळलं."

"कसल्या?"

"डोक्याच्या. हमरस्त्यावरच्या पेटीत टाकतो ना आपण."

तिचा हात मंदावला. पेटी सगळ्यांना ठाऊक होती. हरणाचं डोकं कापून तिच्यात टाकायचं, की तपासणीवाले काही आठवड्यांनी फोन करून रोग आहे की नाही ते कळवायचे. डोकं सगळेच टाकायचे, पण फोनची वाट कुणी बघायचं नाही. काळीज तर त्याच संध्याकाळी कांद्यावर परतलेलं असायचं. आजवर फोन नेहमी चांगलाच आला होता, त्यामुळे सगळ्यांचं निभावून गेलं होतं.

"तोच रोग निघाला," ऑर्व्हिल म्हणाला. "मेंदूचा. उभ्या उभ्या वाळून मरतात हरणं, तो."

जोलीनने मुलांकडे पाहिलं. मग आच बंद केली.

"माणसाला होतो?"

"आजवर कुणाला झाला नाही म्हणतात. फोनवरची बाई तेच म्हणाली. पण खाऊ नका म्हणाली."

"म्हणजे होत नाही, पण खाऊ नका."

"हं."

"कोण आलंय गं?" आतून कर्टिसने हाक मारली.

"ऑर्व्हिल आहेत. पडून राहा तू." मग ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला दोन मिळाली होती ना? त्या दुसऱ्याचं काय?"

ऑर्व्हिल नेमका याच प्रश्नाला भीत होता.

"ते ठीक आहे."

"ते मोठं ना?"

"हो."

त्या दिवशी त्याच्या शेडमध्ये दोन्ही हरणं शेजारी शेजारी टांगलेली होती. एक तेल पाजल्यासारखं तुकतुकीत. दुसऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला तर मणके मोजता येत होते. माजाच्या दिवसांत नर वाळतोच, असं तो मनाशी म्हणाला होता. आणि हेही म्हणाला होता की फुकटच तर द्यायचंय, धर्माची गाय आणि दात का नाय! मग तुकतुकीत हरण त्याने आपल्या फ्रीझरमध्ये टाकलं होतं. आता त्या विचाराची त्याला इतकी लाज वाटली की हातातली टोपी कुठे ठेवावी ते कळेना.

"माझ्याकडचं आणून देतो. उद्याच. सगळं आणतो."

"उद्याचं उद्या बघू."

तिने फळीवरून एक ताटली काढली. नूडल्स घातल्या, वर खिमा घातला, रस्सा ओतला आणि कर्टिसच्या रिकाम्या खुर्चीपुढे ती ताटली ठेवली. शेजारी काटा ठेवला.

"बसा."

"मी जेवून निघालोय गं."

"थोडं खा. कुणाला होत नाही म्हणता ना?" तिच्या आवाजात राग नव्हता. "माझी पोरं हिवाळाभर हे खातायत, ऑर्व्हिल. त्या फोनवरच्या बाईला मी ओळखत नाही. तुम्हाला ओळखते."

ऑर्व्हिल बसला. कांद्यामिऱ्याचा वास चांगला येत होता, अगदी भूक चाळवण्यासारखा. म्हातारा पाहुणा आपल्यात जेवायला बसला याची मुलांना गंमत वाटली आणि ती खायची थांबून त्याच्याकडे बघायला लागली. त्याने काट्यावर घास घेतला. मिशीपर्यंत नेला. हात तिथेच राहिला. मुलं बघत होती, त्यांची आई बघत होती, आणि त्याचं तोंड काही केल्या उघडेना.

त्याने काटा खाली ठेवला आणि दोन बोटांनी ताटली थोडी पुढे सरकवली.

"कळलं," जोलीन म्हणाली.

तिने आधी थोरल्याची ताटली उचलली, मग मधल्याची, आणि दोन्ही बादलीत खरवडून टाकल्या.

"आई, माझं संपलं नव्हतं!"

तिने रिकाम्या ताटल्या बाजूला ठेवल्या. तशीच धाकट्या मेबलकडे वळली. आई येताना बघून मेबलने ताटली पोटाशी ओढली आणि उरलेलं सगळं दोन्ही हातांनी घाईघाईने तोंडात कोंबलं.