आलापल्लीचा इशारा

राजुऱ्यात संगणक दुरुस्तीचे दुकान असलेला भूपेश, दूरच्या दवाखान्यांतील संगणकांवर इथूनच लक्ष ठेवता यावे म्हणून दोन सॉफ्टवेअर पारखत होता. भरदुपारी त्यांपैकी एकाने इशारा दिला, आलापल्लीचा संगणक भयंकर तापला आहे.

त्याने तिथल्या परिचारिका आशाबाईंना तातडीने फोन लावला. त्यांनी वायर उपटली, तोच संगणकाच्या मागून धूर निघाला. सिकलसेलच्या दोनशे रुग्णांच्या नोंदी बचावल्या.

"देवासारखा धावला रे भाऊ!" आशाबाई गहिवरल्या.

भूपेशने पडद्याला हात जोडले. "हेच सॉफ्टवेअर घेतो, बाई. दुसरं पाहतच नाई."

"घे बापा. पण आमच्या मशीनमंदी ते इशारा देनारं सॉफ्टवेअर टाकाचं बाकीच हाय. तुवी सीडी कंडक्टरनं आत्ता आणून देल्ली. पाकीटबी फोडलं नाई."