मौन्याची भाकरी

खिद्रापूरच्या देवळामागे जोतीराम पटवेकरी मान वर करून बसला होता, त्याला आज तिसरा दिवस. हत्तींच्या रांगेच्या वर एक दगडी बाई पाठमोरी उभी होती. तिच्या गळ्यातल्या माळेचा दोरा मानेमागे बांधलेला होता आणि ती गाठसुद्धा कोरणाऱ्यानं गाळली नव्हती. दोन पेड, एक पीळ, खाली लोंबणारा गोंडा. सोनारांनी घडवलेले मणी रेशमात ओवायचे आणि मागे अशीच गाठ मारून द्यायची, हा जोतीरामचा धंदा. कोल्हापूरच्या गुजरीत त्याचा सगळा जन्म त्या गाठीत गेला होता, आणि गाठीकडे कुणी बघत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. इथे मात्र शेकडो वर्षांपूर्वी कुणा एका पाथरवटानं ती बघितली होती. त्या माणसाचे पाय धरावेत असं त्याला वाटत होतं.

कोल्हापूरहून तो चालत आला होता. आगगाडी होती, पण डब्यात माणसं असतात आणि माणसांकडे प्रश्न असतात.

पहिल्या दिवशी इथेही तेच झालं. हंबीरराव पाटील घोंगडं सावरत आले आणि दुरूनच गरजले, "कुनीकडलं पावणं? शाहू महाराजांच्या मोजणीतलं काय? पोरंबाळं किती?" जोतीरामची जीभ टाळूला चिकटली. पाटील थोडा वेळ वाट बघून निघून गेले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की पाहुण्याचं मौन आहे. मग कुणी काही विचारेना. बायका घागरीसुद्धा न वाजवता जायला लागल्या. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन. जोतीरामनं गावाची चूक दुरुस्त केली नाही.

दुपारी गुरवाघरची धोंडुबाई भाकरी आणायची. ताट पुढ्यात ठेवायची आणि लांब पायरीवर बसून राहायची. मौन्याचं जेवण होईतोवर वाढणारीनंही बोलायचं नाही आणि तिला कुणी हाक मारायची नाही, अशी रीत असल्याचं गाव मानत होतं.

आज मात्र घास उतरेना. सकाळी शालूबाई नावाची म्हातारी त्याच्या पायांशी नारळ ठेवून गेली होती. नातवाचा ताप उतरू दे, एवढंच म्हणाली होती. जोतीरामनं हात जोडले, तोंड उघडलं नाही. तेव्हापासून त्याला स्वतःची लाज वाटत होती. खरं सांगावं, तर गाव तोंडात शेण घालणार. आणि त्या गाठीचा डावा पेड कुठून आत शिरतो हे तर अजून कळायचं होतं. न सांगावं, तर ही भाकरी चोरीची.

त्यानं ताट बाजूला सारलं. तीन दिवसांनी आवाज कसाबसा फुटला.

"आक्का, माझं मौन न्हाय. मला मानसांशी बोलाय जमत न्हाय, एवढंच हाय. फसवलं मी तुमास्नी. त्या म्हातारीचा नारळ तेवढा परत द्या."

धोंडुबाई जागची हलली नाही.

"ठावं हाय की," ती हळूच म्हणाली. "मौन हाय म्हून गावात म्याच सांगिटलं."

जोतीराम तिच्याकडे वळून बसला.

"पाटील वरडत हुतं तवा तुमचं त्वांड बघितलं म्या. लगीन होऊन या घरात आले, तवा माझं बी तसंच झालतं. नारळ देवाम्होरं वाढवते. ताप काय तो देव बघंल."

"आन जेवताना कुनी बोलायचं न्हाय, ती रीत?"

"ती बी माझीच." तिनं पदर सारखा केला. "घरात अकरा मानसं हाईत, पावणं. दिस उगवल्यापास्नं हाका. बाईमानसाला मौन कोन देतंय? तुमी जेवता तेवढा येळ मला गप बसाय मिळतंय."

जोतीरामचे डोळे भरून आले.

तेवढ्यात गल्लीतून सासूची हाक आली, "धोंडे, म्हस सुटली बघ."

पाठोपाठ हंबीररावांचा दांडगा आवाज सासूवर कडाडला, "गप की म्हातारे. मौनी जेवाय बसलंय."

जोतीरामनं ताट पुढे ओढलं. भाकरीचा नखाएवढा तुकडा मोडून तोंडात घातला आणि सावकाश, अगदी सावकाश तो चावत राहिला.