बदल्यात

पिशवी उलटी करून तिने नवऱ्याची औषधं काउंटरवर ओतली. औषधांचा हा काउंटर आता दुकानात पार मागे गेला होता. तिथवर यायचं तर भाज्या, कापलेली फळं आणि शिजवलेल्या जेवणाचे डबे ओलांडावे लागत.

"आमचं आता असं झालंय काकू," औषधवाला म्हणाला. "आधी जेवा, मग आमच्याकडे या." बोलून गेला आणि तिचा चेहरा बघून त्याने जीभ चावली. "काकांचं कळलं मला."

"हं."

तो एकेक पाकीट उजेडात धरून तारीख बघू लागला. एका पाकिटातल्या बऱ्याच गोळ्या गेलेल्या होत्या. ते त्याने तिच्याकडे परत सरकवलं.

"हे फोडलेलं आहे, हे नाही चालणार. बाकीच्यांचे पैसे काही हातात देता येत नाहीत. बदल्यात दुकानातलं काहीही घ्या."

पूर्वी असं काही परत केलं की साबण नाहीतर पावडर गळ्यात पडायची. साबण घरात होता.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. रोज याच सुमाराला यायचा.

"आई, जेवलीस?"

"जेवले."

"आवाज तर जेवलेल्या माणसाचा वाटत नाही."

"आवाजाला काय कळतंय," ती म्हणाली आणि फोन पिशवीत टाकला. नवरा गेल्यापासून घरात भांडं चढलं नव्हतं. चहात पाव बुडवला की दिवस निघायचा.

डब्यांच्या कपाटातून हाताला लागला तो डबा तिने आणला. भात आणि वाटाण्याची भाजी. औषधवाल्याने सवयीने त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचली.

"काकू, यात मीठ आहे बरं का."

"असू दे. आता खाणारी मीच."

इतकी वर्षं ती नवऱ्यासाठी अळणी रांधत आली होती. दोन-दोन पातेली कुठे चढवा, म्हणून स्वतःही तेच गिळत आली होती.

औषधांसाठी ताटकळणारी माणसं ज्या खुर्च्यांवर बसायची, त्याच आता टेबलांभोवती मांडल्या होत्या. तिला त्यातली एक ओळखीची होती, एका बाजूला कलणारी, नवऱ्याची नेहमीची. त्या कलत्या खुर्चीच्या बरोबर समोर ती बसली. पहिल्याच घासाला जीभ चरचरली. पण नेमून दिलेलं काम उरकावं तशी ती खात राहिली. डब्याच्या कोपऱ्यातलं शीतही तिने निपटून घेतलं.

औषधवाला पाण्याचा पेला घेऊन आला तेव्हा फोडलेलं पाकीट टेबलावर पडलं होतं. तळहातावर एक गोळी घेऊन तिने हात समोरच्या कलत्या खुर्चीकडे धरला होता.

पेला कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

"झालं का काकू?"

"जेवण झालं," ती म्हणाली. हात तसाच होता. "गोळी राहिलीय."