वरचं गोदाम

यंदा मशीनची नोंदणी होणार असं वाटू लागलं होतं. पर्यावरण खात्याच्या मिसेस पेट्रोस्कीने मागच्या खोलीतलं ड्रायक्लीनिंगचं मशीन उघडून पाहिलं, दाराच्या रबरी कडा चाचपल्या, गाळाच्या पिंपाचं झाकण घट्ट आहे ना ते बघितलं. बोट ठेवायला कुठे जागा नव्हती. एकच प्रश्न राहिला होता.

"या इमारतीत कुणी राहतं का?"

"कुणी नाही," दुकानाचा मालक बोंग-शिक ह्योन म्हणाला. "वर आमचं गोदाम आहे."

नवा नियमच तसा होता. कपडे धुण्याच्या पर्क नावाच्या रसायनाची विषारी वाफ भिंतींतून वर चढते म्हणे, म्हणून माणसं राहतात तिथे पर्कचं मशीन चालणार नाही. दुसऱ्या रसायनाचं मशीन घ्यायची ऐपत नव्हती, आणि मशीन बंद म्हणजे सनीसाइड भागातलं हे दुकान बंद. म्हणून आदल्या दिवशी त्याच्या आईची गादी, कपाट, भाताचा कुकर आणि किमची लोणच्याच्या बरण्या मेहुण्याकडे गेल्या होत्या. आज सकाळी खुद्द आईलाही चर्चमध्ये नेऊन बसवलं होतं.

"वर बघू या," पेट्रोस्की म्हणाली.

जिन्याशी बोंग-शिकची बायको कुम-जा त्याला कोरियनमध्ये हळूच म्हणाली, "सुंग-गीचे बाबा, आधी घाम पुसा. कोंबडी चोरल्यासारखं तोंड करू नका."

"तोंड असंच आहे माझं."

"माहीत आहे, लग्नातच पाहिलंय. पण सरकारला कशाला दाखवायचं?"

पेट्रोस्कीने वळून पाहिलं. "काही अडचण?"

"नाही, नाही. जिना अरुंद आहे, सांभाळून या म्हणते ही."

खोली छान जमली होती. हँगरचे खोके, प्लास्टिकच्या गुंडाळ्या, दांडीवर कुणी न्यायलाच न आलेले कोट. लसणाचा वास जावा म्हणून खिडकी रात्रभर उघडी ठेवली होती. बोंग-शिकने दार ढकललं, टाचेला टाच लावून बूट काढले, पायानेच ते जिन्याकडे तोंड करून नीट लावले आणि आत गेला.

"हे हँगर. हे प्लास्टिक. हे कोट, यांचे मालक विसरलेत."

पेट्रोस्की उंबऱ्याबाहेरच थांबली होती आणि जमिनीकडे पाहत होती.

तिच्या मागून कुम-जाला नवऱ्याचे मोजे दिसले. ती त्याच्यावर खेकसणार होती. तेवढ्यात पायरीचा गारवा तिच्याच तळपायांना लागला. तिच्या सपाता नवऱ्याच्या बुटांशेजारी होत्या, सरळ रेषेत.

"गोदामात बूट काढता?" पेट्रोस्कीने विचारलं.

खाली दुकानाची घंटा वाजली, गिऱ्हाईक आलं होतं. कुणी गेलं नाही.

पेट्रोस्की पायरीवर बसली. बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट सपातांच्या बाजूला ठेवले आणि मोज्यांनी आत आली.

"नोंदणी होणार नाही, मिस्टर ह्योन," ती म्हणाली. "कोण राहतं?"

"आई."

"कधीपासून?"

"दुकान घेतलं तेव्हापासून."

तिने पिशवीतून हवेत पर्क असला की वाजणारं छोटं यंत्र काढलं आणि त्याची नळी सरळ केली.

"झोपतात कुठे? डोकं कुठल्या बाजूला असतं त्यांचं?"

बोंग-शिक कोपऱ्यात गेला. हँगरचा खोका सरकवून तो गुडघ्यांवर बसला आणि भिंतीलगतच्या जमिनीवर तळहात ठेवला.

"इथे. खालच्या मशीनमुळे भिंत उबदार असते म्हणून आम्हीच ही जागा दिली तिला."

पेट्रोस्कीने नळी तिथे नेली. यंत्र वाजायला लागलं, आणि वाजतच राहिलं.

"हात काढा जरा," ती म्हणाली.

त्याने हात काढला नाही.