पडद्यातली हेमलता

"हेमलताताई, ऐकू येतंय ना?" डॉ. पारसनीसांनी समोरच्या पडद्याला विचारलं.

"हो, अगदी स्वच्छ," पडद्यातून हेमलतेचा आवाज आला.

खरी हेमलता नवऱ्याशेजारी खुर्चीत बसली होती. संधिवाताच्या नव्या गोळीची चाचणी तिच्यावर सुरू झाली आणि महिन्याभरात तिचे दोन्ही कान गेले.

"अहो, हिला विचारा की!" दिगंबर कडाडला. "ही काय, इथे बसलीय, हाडामासाची!"

"काका, शांत व्हा. चाचणीतल्या प्रत्येक पेशंटची प्रतिकृती आमच्या संगणकात असते आणि निष्कर्ष तिच्यावरूनच निघतो. माणसं वाटेल ते सांगतात, त्याने आकडेवारी बिघडते."

"माझ्या बायकोचे कान गेले, आणि बिघडते काय तर तुमची आकडेवारी?"

"प्रतिकृतीचे कान उत्तम आहेत. गोळ्या चालूच राहतील." डॉक्टर पुन्हा पडद्याकडे वळले. "चालेल ना, ताई?"

"न चालायला काय झालं?" पडद्यातली हेमलता हसली. अगदी घरात हसायची तशीच.

हेमलतेने दिगंबरची बाही ओढली. "अहो, काय म्हणतायत ते?" ती ओरडूनच बोलली. तिला आता स्वतःचा आवाजही ऐकू येत नव्हता.

दिगंबर खाली वाकला आणि संगणकाची वायर त्याने भिंतीतून उपटून काढली. पडदा काळा झाला.

इतका वेळ हेमलतेकडे मान वळवूनही न पाहणारे डॉक्टर ताडकन उठले.

"अहो, हे काय केलंत! पेशंट जाईल ना!"