पोपटी डबे

किल्ल्यांचा जुडगा गल्ल्याजवळ आदळला तसा थोरल्याचा हात आपसूक पुढे सरकला. म्हातारीने नुसतं पाहिलं. हात निमूट खिशात परत गेला.

"घाई कसली? आधी ऐका," ती म्हणाली.

दुकान रंगाचं. शटर अर्धं ओढलेलं, आत टर्पेंटाइनचा वास, भिंतीभर डबे आणि डब्यांना टेकलेली शिडी. नवऱ्यामागे याच शिडीवर चढउतार करून म्हातारीने धंदा वाढवला होता. आता मात्र तिच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. किल्ल्या कुणाच्या तरी हाती द्यायच्या आणि त्या आजच द्यायच्या, हे तिने सकाळी जाहीर केलं होतं. थोरला त्यासाठी दाढी करून आला होता. तीही सुट्टीच्या दिवशी.

त्याला काळजी नव्हती. जन्मात त्याने आईचा शब्द खाली पडू दिला नव्हता. तिने दिवसाला रात्र म्हटलं, की हा उशी शोधायचा. धाकटा त्याच्यावर कडी. प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याची मान हललेली असायची. उरली थोरल्याची लेक, बारकी. नुकतीच पदवी घेऊन आलेली, कोपऱ्यात पालथ्या डब्यावर बसलेली. तिला कोण धरतंय हिशेबात! तिला कॉलेजात घालायची वेळ आली तेव्हा म्हातारीने विचारलं होतं, "त्यापेक्षा डबे हलवायचं मशीन घेऊ या का रे?" थोरला हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिने फी भरून टाकली. थोरला त्यालाही हो म्हणाला.

"एक कंपनी बंद पडतेय," म्हातारीने सुरुवात केली. "पोपटी रंगाचा सगळा माल मातीमोलाने काढतेय. गोदाम भरून. आपण दुकान गहाण टाकायचं आणि सगळा उचलायचा."

थोरला आठवू लागला. पोपटी रंगाचा डबा शेवटचा कुणी नेला, ते त्याला आठवेना. एकाने भांडून परत आणून दिलेला मात्र चांगला आठवत होता. पण समोर किल्ल्या चमकत होत्या.

"हो आई. पोपटी म्हणजे डोळ्यांना कसा थंडावा!"

"हो आई," धाकटा म्हणाला. "मी तर म्हणतो, आपल्या घरालाही तोच मारू."

"नाही," बारकी म्हणाली.

म्हातारी तिच्याकडे वळली.

"काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले, आजी. ती कंपनी बंद का पडतेय? पोपटी करून करूनच पडली असेल. माल कधीचा आहे? एक तरी डबा उघडून पाहिलास? आत साय धरली असली, तर गोदामभर साय घेऊन काय करणार आहेस? आणि वर दुकान गहाण! बुडालो म्हणजे बसू सगळे रस्त्यावर, एकमेकांना पोपटी रंग फासत."

"बारके!" थोरला कडाडला. "आजीला उलट बोलतेस? एवढी फी भरून हेच शिकलीस?"

"हेच शिकले, बाबा. आमचे एक सर मुद्दाम फळ्यावर चुकीचं लिहायचे आणि हात झटकत उभे राहायचे. आम्ही मुकाट उतरवून घेतलं, की म्हणायचे, 'जा घरी, आजची फी फुकट गेली.' पहिलं वर्ष आमचं बरंचसं घरीच गेलं."

म्हातारी उठली. गुडघे कुरकुरले. थोरल्याने लेकीची आशा सोडली आणि खिशातला हात पुन्हा जरासा बाहेर काढला. म्हातारी त्याच्यापर्यंत आली, त्याला वळसा घालून पुढे गेली आणि जुडगा तिने बारकीच्या ओटीत टाकला.

"आई!" थोरला कळवळला. "अगं, मी तर हो म्हणालो!"

"तेच तर रे, माझ्या राजा. कंपनी नाही, माल नाही, कुणी पोपटी विकत नाही की काही नाही. मागे एकदा तुम्हा दोघांना म्हटलं, ब्रशाचे केस फार गळतात, बिनकेसांचे ब्रश ठेवू या. तर हो म्हणालात! उद्या माझं डोकं फिरलं, तर माझ्यामागोमाग खड्ड्यात उतराल आणि वर विचाराल, आई, अजून खाली जायचं का? मी गेल्यावर तर कुणीही थापाड्या यावं आणि तुमच्याकडून हो घेऊन जावं. या घरात एक 'नाही' म्हणणारं माणूस हवं होतं. घरात ते पिकेना, म्हणून बाहेरून तयार करून आणलं. मशीन घेतलं असतं तर एव्हाना भंगारात गेलं असतं. हिचं डोकं जन्मभर चालेल. डबेच काय, तुम्हालाही हलवील."

धाकट्याने सवयीने मान हलवली.

बारकीने जुडगा उचलला. उठून तिने शिडी खांद्यावर घेतली, मागच्या खोलीत नेऊन ठेवली आणि बाहेरून कुलूप घातलं.

"आजी, उद्यापासून शिडीवर चढायचं नाही. वरचे डबे मी काढीन. तू गल्ल्यावर बसायचंस. कबूल?"

थोरल्याने डोळे मिटले. आईला हुकूम! आता किल्ल्या परत फिरणार, यात शंकाच नव्हती. त्याने दोन्ही हात तयार ठेवले.

म्हातारीने त्या कुलपाकडे पाहिलं. गुडघ्यावरून हात फिरवला. आणि या दुकानात तिने उभ्या जन्मात कधी उच्चारला नव्हता, तो शब्द उच्चारला.

"हो."